उंच बांधलेला झोका
नव्या घागरीत पाणी ओतले की मातीचा जो वास उठतो, त्याने मुलांनो, मला धुळ्याच्या आमच्या अंगणातला कडुनिंब आठवतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझा थोरला भाऊ त्याला झोका बांधी. एका वर्षी तो इतका उंच झाला की मला चढता येईना. "तुनाच पाय आखूड शेतस," तो हसला, "पुढल्या आखाजीले खाले बांधसू!" आणि त्याने मला उचलून वर बसवले. त्याच श्रावणात पटकीने तो एका दिवसात गेला. पुढल्या आखाजीला आईने पितरांच्या घागरीशेजारी त्याची घागर भरून ठेवली. वडिलांनी झोका बांधला, अगदी खाली. मी बसले, पाय सहज जमिनीला टेकले आणि मला रडू आवरेना. आज गुडघे दुखतात, तरी कुणी उचलून बसवावे लागेल असाच झोका मला हवा असतो.