परफेशनल काका आणि अष्टमीचा भांग

कुणी काहीही केलं की काका हाताची बोटं वर करायचे. मी सायकलवरून उतरलो, चार. भजनीबुवांनी तान घेतली, सहा. काकूंचं कोळंबीचं कालवण, नऊ. दहा मात्र कुणालाच नाहीत. "धा फकस्त दर्याचे," म्हणायचे. असा एखादा परीक्षक तुमच्याही शेजारात असेल, पण आमचे काका हे परदेशात शिकून आले होते.

अर्नाळ्याचे जन्मजात मच्छीमार, मधली काही वर्षं परदेशी जहाजावर खलाशी. ऑस्ट्रेलियाच्या एका बंदरात जहाज दुरुस्तीला अडकलं, तेव्हा त्यांनी सर्फिंगची स्पर्धा पाहिली. मचाणावर बसलेले पंच लाटेलाटेला गुण देत होते. स्पर्धक या देशातून त्या देशात फिरायचे आणि त्यावरच पोट भरायचे. त्यांना म्हणायचे प्रोफेशनल. "मास्तर, लाटेवर हुबं ऱ्हायचे पैशे! आनि आमी इथं लहानपनापासून फुकट हुबे," हे त्यांनी मला पन्नासदा ऐकवलं असेल. तिथून त्यांनी कुणीतरी टाकलेली मोडकी फळी आणली आणि होडीच्या राळेनं सांधली. पन्नाशीचा हा माणूस त्या फळीवर ताठ उभा राहून किनाऱ्याला आला की मी भूगोलाचा तास थांबवून वर्गासकट खिडकीशी जायचो.

त्यांची इच्छा एकच होती. छातीवर नंबर लावून एकदा पंचांसमोर उतरायचं.

ऐंशी सालच्या आसपास मुंबईच्या हौशी मंडळींच्या एका क्लबानं आमच्या किनाऱ्यावर स्पर्धा ठेवली. काका दाढी करून, नवं बनियन घालून नाव द्यायला सगळ्यांच्या आधी हजर. मीही सोबत होतो. सेक्रेटरीनं गॉगल कपाळावर चढवून विचारलं, "काका, तुम्ही मासेमारी करता ना? मग समुद्र हा तुमचा धंदा. तुम्ही प्रोफेशनल झालात. ही हौशी लोकांची स्पर्धा आहे."

काकांचा चेहरा उजळला. "ऐकलात, मास्तर? परफेशनल! मग माझा नंबर कुठला?"

नंबर नव्हताच. त्यांना दोर देऊन छातीभर पाण्यात उभं केलं, पडणाऱ्यांना ओढून काढायला. बुडत्याला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दिवसभरात तिघांना काढलं, त्यात एक सेक्रेटरी. संध्याकाळी बक्षीस समारंभ झाला तेव्हा गावकऱ्यांना दोरीच्या पलीकडे उभं केलं होतं. तोच दोर होता. काका ओल्या बनियनवर तिथे उभे होते, आणि कुणी त्यांचं नावही घेतलं नाही. मला संताप आला. काका एवढंच म्हणाले, "मास्तर, मी इसरनार नाय."

आणि खरंच विसरले नाहीत. बोटं वर करणं बंद झालं. काकूंनी नारळ खवायला सांगितला तर, "मी परफेशनल, मला बंदी हाय." एसटीत कुणी सरकून जागा दिली तरी तेच. लोक हसायचे. काका हसायचे नाहीत.

पुढच्या वर्षी सेक्रेटरी तारीख ठरवायला पुन्हा आला. आम्ही ओट्यावर बसलो होतो. "काका, कुठला दिवस चांगला?"

"मला कशाला इचारता? अष्टमीला भांग असतो, येवढं मला ठाव."

सेक्रेटरी खो खो हसला. "'असतो' नाही हो काका, 'असते'! वा! मग अष्टमीलाच ठेवू. तुमची भांगही पिऊ."

समुद्राला उधाण येतं ते पुनवेला आणि अवसेला. अष्टमीला पाणी थकतं, त्यालाच भांग म्हणतात. सातवीच्या भूगोलात आहे, दरवर्षी मीच शिकवतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा घोट घेतला आणि गप्प बसलो. आजही त्या गप्प बसण्याचं मला वाईट वाटत नाही.

अष्टमीला मंडप, लाउडस्पीकर, मुंबईहून पाहुणे, सगळं आलं. लाटा तेवढ्या आल्या नाहीत. रंगीत फळ्यांवर पालथे पडून हौशी लोक पाण्यात तासभर ताटकळले. गुडघाभर पाण्यात सेक्रेटरी फळीवर उभा राहिला आणि जागच्या जागी पडला. दोरीपलीकडून सगळं गाव फिदीफिदी हसत होतं, मीसुद्धा. काका मांडी घालून शेवटपर्यंत बसले. उठताना म्हणाले, "फिटली."

चार दिवसांनी क्लबाचं निवेदन पेपरात आलं. ते मी काकांना वाचून दाखवलं. अर्नाळ्याच्या समुद्राला लाटाच नाहीत, यापुढे स्पर्धा गोव्याला होतील.

काकांनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग उठून तडक किनाऱ्यावर गेले. मी मागोमाग. पौर्णिमा जवळ आली होती, लाटा धडाधडा फुटत होत्या. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्यांनी हात जोडले.

"माझ्या रागापायी तुझं नाव गेलं," ते समुद्राला म्हणाले. "मला माफ कर. मला काय ती शिक्षा कर."

लाटेनं त्यांना खाली पाडलं. उठले, तोंडातलं खारं पाणी थुंकले आणि माझ्याकडे वळून ओरडले, "पन त्यांना माफी नाय, मास्तर! लिवून ठेवा!"

नंबर लावून उतरायचं राहिलंच. दोन पावसाळ्यांनंतर काका साध्या तापानं गेले. सेक्रेटरी पुढे मोठा माणूस झाला. एकदा एका लग्नात भेटला, हात पुढे करून म्हणाला, "ते भांगवाले काका कसे आहेत?"

मी माझा हात खिशातून काढला नाही.