आधाआधीचा डाव

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता ती नाही, म्हणून हिंमत आली असं कोणी म्हणेल. म्हणू दे, खरंच आहे ते.

मी तेव्हा कामरगावला मास्तर होतो. मास्तर पत्ते खेळतो हे वरच्या साहेबाच्या कानावर गेलं असतं, तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. एक अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस तेवढा माफ. त्या दिवशी सगळं गावच पत्ते कुटायचं. पण मी वर्षभर खेळायचो. रविवारी दुपारी, कापसाच्या जीनच्या रिकाम्या गोदामात. बाहेर सायकलची घंटी वाजली तरी साहेब आला असं वाटून मी पानं लपवायचो.

खेळ तीन पानांचा, पण डाव आधाआधी. अर्धा डाव सगळ्यात भारी पानांचा, अर्धा सगळ्यात हलक्या पानांचा. शेवटपर्यंत जे टिकत ते मूठ मिटून धरत आणि एकदम उघडत. मुठीत एक चिंचोका म्हणजे भारीवर दावा, रिकामी मूठ म्हणजे हलक्यावर, दोन चिंचोके म्हणजे दोन्हीवर. दोन्हीवर दावा करून एकीकडे जरी हरलात, तरी सगळं गेलं.

मी शाळेची पाटी घेऊन याचा विचार केला होता. दोघंच उरले आणि अर्धा डाव जिंकला, तर आपलेच पैसे आपल्याकडे परत येतात. वर गोदामवाला प्रत्येक डावातून नाल, म्हणजे जागेचा हिस्सा, कापून घ्यायचा, म्हणजे जिंकूनही तोटाच. म्हणून अर्ध्यासाठी खेळायचंच नाही. दोन्ही अर्धे मिळू शकतील अशीच पानं घेऊन बसायचं. एक्का दोन्हीकडे चालायचा; एक्का, दुर्री, तिर्री आली की ती सलग म्हणून भारी आणि सगळ्यात हलकीही. तसं काही नसेल तर निदान बघायचं, बाकीचे भारीच्या मागे लागलेत का? मग आपण एकट्यानं हलक्यावर जायचं. आणि मधली पानं, अठ्ठी-नव्वी-गुलाम नाहीतर एखादी लहानशी जोडी, बघताक्षणी टाकून द्यायची.

"मास्तर, मधलं पान मानसाले बसवून ठेवते अन् बसल्या बसल्या खाते," असं आमचा शिंपी म्हणायचा. तो माझा एकुलता एक दोस्त. मशिदीमागं त्याचं दुकान. मी त्याला भाई म्हणायचो.

एवढ्यावर थांबलो असतो तर महिन्याकाठी चार पैसे सरळ मार्गानं सुटत होते. पण त्यासाठी दहातल्या आठ वेळा पानं टाकून निमूट बसावं लागतं, आणि मला हरण्याची फार भीती वाटायची. म्हणून कल्पना मी काढली. मी. शिंप्याच्या बोटात टोपण असायचं, सुई टोचू नये म्हणून घालतात ते. पानं भारी असली की त्यानं ते उजवीकडं फिरवायचं, हलकी असली की डावीकडं. मग आम्ही एकमेकांच्या वाटेत यायचो नाही. तो भारीवर, मी हलक्यावर, आणि दोघंही चाल वाढवत राहायचो. मधे सापडलेला तिसरा माणूस दोन्हीकडून भरडला जायचा.

त्या अखाजीला मधे सापडले गावचे पाटील. त्यांच्या हातात बादशहाची जोडी. गोदामवाल्यानं पानं टाकली होती. उरलो आम्ही तिघं. मी वाढवलं, शिंप्यानं वाढवलं, पाटलांनी कमरेचा चांदीचा करदोडा काढून मधे टाकला. दारात गर्दी जमली होती. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी आणखी वाढवलं.

मुठी उघडल्या. माझी रिकामी. त्या दोघांच्या मुठीत एकेक चिंचोका. शिंप्याची सलग पानं निघाली. अर्धा डाव त्याचा, अर्धा माझा.

पाटील पानांकडे बघतच नव्हते. ते शिंप्याच्या बोटाकडे बघत होते.

"टोपण कायले फिरवून राह्यला बे?"

"आदत हाय, पाटील."

"मघाही फिरवलं. त्याच्या आधीही. कोनाले सांगून राह्यला?"

कोणीतरी माझं नाव घेणार म्हणून मी वाट बघत होतो.

"मास्तरले असन," दारातून एकजण म्हणाला.

गोदामवाला हसला. "हट! मास्तर पोराईले खोटं बोलू नोका म्हून शिकवते. त्याले हे येते तरी काय?"

सगळे हसले. मीही हसलो.

पाटील शिंप्याला म्हणाले, "चाल मंग पीरबाबाच्या दर्ग्यात. चौथऱ्यावर हात ठेव अन् म्हन, इशारा केला नायी."

मला बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी उचलला असता, खोटा. तेवढा मी घाबरलो होतो.

शिंप्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी करदोड्याकडे पाहत राहिलो.

"दर्ग्यात खोटं नायी बोलत मी," तो म्हणाला. "केला इशारा."

"कोनाले?"

"ते नायी सांगत."

त्याला मारलं. फार नाही, पण सगळ्यांसमोर, त्याच्याच चपलेनं. त्याचा अर्धा डाव पाटलांनी ओढून घेतला. माझा अर्धा मी घरी आणला. परत केला असता तर कबुलीच झाली असती.

त्यानंतर गावानं त्याच्याकडे कापड टाकणं बंद केलं. महिन्याभरानं तो मधल्या सुट्टीत शाळेत आला, माझा शिवायला टाकलेला कोट घेऊन. काज-बटणं सगळं झालेलं. मी पैसे द्यायला खिशात हात घातला तसा तो म्हणाला, "राहू द्या. त्या दिवशी पाटलानं कोनाले म्हून इचारलं ना, तवा मले वाटलं, आता मास्तर बोलन." दुसऱ्या दिवशी मशीन बैलगाडीत घालून तो गाव सोडून गेला.

चार वर्षांनी मी शेलूबाजारला बाजारात गेलो होतो. एका झाडाखाली मशीन चालत होतं. तो आवाज मी ओळखला आणि झटकन पाठ फिरवली. त्यानं मान वर केली असावी.

"मास्तर!"

चेहरा त्याला दिसलाच नव्हता. पण अंगात तोच कोट होता, त्यानं शिवलेला. पुन्हा एकदा हाक आली, आधीपेक्षा हळू. मी माणसांत शिरलो आणि चालत राहिलो.