गिटारला पिकअप

माझ्या मुलीच्या गिटारमधून आता आरपार दिसतं. ही गिटार घरी आणली तेव्हा भरीव होती.

सई पुण्याला शिकते. गिटार मात्र इथे कर्जतला ठेवून गेली होती, कारण मामेभावाच्या हळदीत, खालापूरजवळच्या गावी, ती वाजवणार होती. हळदीच्या आधी तिच्या नावाचं एक पार्सल आलं. मी उघडलं. (लेकीचं पार्सल बापाने उघडू नये हे मान्य. पण कात्री हातातच होती!) आत गिटारचे दोन पिकअप निघाले. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारी चुंबकाची डबी. तारेचा सूर पकडून ती स्पीकरकडे धाडते.

"नवे मागवलेत पोरीने," मी बायकोला म्हणालो. "मीच बसवून ठेवतो. आली की खूश होईल!"

"अहो, मागे तुम्ही मिक्सर दुरुस्त केलात..." वैशालीने सुरुवात केली.

"मिक्सरची गोष्ट वेगळी!"

(मिक्सर अजूनही वेगळाच आहे. सुटा सुटा, पिशवीत.)

मदतीला म्हणून मी पळसदरीला माझ्या थोरल्या भावाला फोन लावला. "दादा, सईच्या गिटारचं काम आहे. पिकअप लावायचाय. ये जरा."

"आत्ता आलो!"

थोड्या वेळाने दारात हॉर्न वाजला. दादा शेजाऱ्याचा पिकअप टेंपो घेऊन हजर! मागे दोरखंड, ताडपत्री, सगळा जामानिमा.

"कुठं हाय गिटार? चढवू या."

मी गिटार पुढे केली. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग टेंपोकडे.

"येवढीशीच? ही तर मी मांडीवर घेऊन गेलो असतो रं!"

खुलासा झाला, चहा झाला. आता आलोच आहे तर हातभार लावतो, म्हणून दादा थांबला. (इथेच त्याला परत पाठवायला हवं होतं.)

गिटार डायनिंग टेबलवर आडवी घातली. तारा सोडवल्या, जुने पिकअप उपटले. ते निघाले सडपातळ आणि नवे दुप्पट रुंद!

"बसत नाय रं," दादा दाबून दाबून म्हणाला.

"खड्डा मोठा करू."

दादाने पटाशीने कडा उडवल्या. मग मी ड्रिल सरसावलं. दादाने खुर्चीत बसून, गुडघे टेबलाखाली घालून गिटार घट्ट धरली.

"आजून जा."

गेलो.

"आजून."

गेलो. लाकूड एकदम मऊ लागायला लागलं.

"बघ, कसं लोण्यासारखं चाललंय!" मी म्हणालो.

"बंद कर रं, बंद कर! टोक माज्या गुडघ्याला लागलं!"

गिटार संपली होती, टेबल संपलं होतं आणि दादा सुरू होणार होता!

वैशाली आवाज ऐकून आली. टेबलाच्या भोकावर लोणच्याची बरणी ठेवून आत गेली आणि मिक्सरची पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली.

मग वायरी. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, असं जोडत गेलो आणि शेवटी एक काळी वायर उरली.

"कशाची हाय?" दादाने विचारलं.

"जास्तीची देतात," मी ठामपणे सांगितलं आणि कापून टाकली. तारा परत चढवल्या.

हळदीच्या सकाळी सई आली. तिने गिटार उचलली, उलटी केली आणि भोकाला डोळा लावला. पलीकडून मला तिचा डोळा दिसला. तो प्रेमळ नव्हता.

"बाबा, हे काय आहे?"

"सरप्राईज! तुझे नवे पिकअप!"

"ते माझ्या मित्राचे, ओंकारचे आहेत! तो घरी नसतो म्हणून माझ्या नावाने इथल्या पत्त्यावर मागवले होते. माझ्या गिटारला ते बसतच नाहीत!"

"बसले की!" हळदीला जायला आलेला दादा अभिमानाने म्हणाला.

दुसरी गिटार आणायला वेळ नव्हता. तशीच घेऊन मांडवात गेलो. वायर स्पीकरला जोडली आणि सगळ्या मांडवात गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर! नवरदेवाच्या आजीने कान झाकले. सईचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी करायचं म्हणून मी पुढे झालो, वाकताना तोल सावरायला एक हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट वायर जिथे खोचतात त्या पत्र्यावर टेकवलं.

घरघर गायब!

हात काढला. घरघर! ठेवला. शांत! कापलेल्या काळ्या वायरीचं, म्हणजे अर्थिंगचं, काम आता मी करत होतो.

"बाबा, अजिबात हलू नकोस!" सई ओरडली आणि तिने वाजवायला सुरुवात केली.

काय वाजवलं पोरीने! अख्खा मांडव नाचला. मी मात्र खांद्यावर हात आणि पत्र्यावर बोट ठेवून, कमरेत वाकलेला. बायकांनी येऊन माझ्या तोंडाला हळद फासली, मी हललो नाही. माशी नाकावर बसली, मी हललो नाही. हळद डोळ्यांत उतरली आणि पाणी वाहायला लागलं.

"बघा गं, बापाला कसं भरून आलंय!" वैशालीची मावशी हुंदका देत म्हणाली. "लेकीच्या खांद्यावरचा हात काय काढत नाय!"

सगळ्यांनी फोटो काढले. नातेवाइकांत आता मी आदर्श बाप म्हणून ओळखला जातो. सईला बारशाचं, साखरपुड्याचं, कसलंही बोलावणं आलं की ती मलाही सोबत नेते. लोकांना वाटतं, बाप म्हणून नेते.

वायर म्हणून नेते हो!