दोन पौंडांची ढील

आमच्या दाजींनी देशाचा बॅडमिंटन संघ तीस वर्षं सांभाळला, पण त्याचा एकही सामना धड पाहिला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. संघाच्या रॅकेटींना गटिंग करायचं, म्हणजे तारा ओढून बसवायच्या, हे त्यांचं काम. स्टेडियमच्या जिन्याखाली एक खोली आहे. तिच्यात एक यंत्र, एक स्टूल, तारांची रिळं आणि दाजी. ऐन सामन्यात कुणाची तार कधी तुटेल याचा नेम नसतो, म्हणून सामना बाहेर आणि दाजी आत, हे कायमचं ठरलेलं. मी त्याच स्टेडियमचा इलेक्ट्रिशियन. मला सगळं फुकटात दिसतं आणि त्यातलं फारसं काही कळत नाही. देवाचा न्याय हा असा.

संघाचा इतिहास पेपरवाले हारजितीवरून सांगतात, दाजी तारांवरून. पहिल्यांदा संघ परदेशी सांघिक स्पर्धेला गेला तेव्हा दाजी यंत्र पेटीत घालून बरोबर गेले होते. एका लढतीत पाच सामने, तीन जिंकेल तो देश जिंकला, असा तो प्रकार. आपण सगळ्या लढतींतले सगळे सामने हरून आलो. विमानतळावर मॅनेजरसाहेबांनी दाजींची पाठ थोपटली. "वा! तुमची एकही तार तुटली नाही." दाजी घरी आले आणि न जेवता झोपले. ताईने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "तार तुटायला आधी पोरांनी खेळावं लागतं. आमची पोरं घाम यायच्या आत बाहेर."

मग हळूहळू तारा तुटायला लागल्या. एका डावखुऱ्या पोराने संघाचा पहिलावहिला सामना जिंकला. त्या दिवशी तुटलेली तार दाजींनी घरी आणून खिळ्याला अडकवली. ताईने ती दोनदा केरात टाकली आणि दाजींचं तोंड बघून दोनदा शोधून परत आणली. पुढे एखाददुसरी लढतही खिशात यायला लागली. मुलींचा संघ तर मुलांच्या पुढे गेला. तीन वेळा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला आणि तिन्ही वेळा तिथूनच माघारी आला. पेपरात 'पुन्हा निराशा' असं छापून यायचं, आणि दाजी सोललेली बोटं दाखवत खुशीत हिंडायचे. हे गणित घरात फक्त त्यांच्या मुलीला, भिंगरीला, समजायचं. खरं नाव तिच्या शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथेच राहिलं. लहानपणी एका जागी ठरत नव्हती म्हणून ताईने भिंगरी म्हटलं आणि तेच चिकटलं.

भिंगरी संघात आली ती तिसरी एकेरी खेळाडू म्हणून. तिचा सामना सगळ्यात शेवटचा. लढत दोन-दोन अशी अडकली तरच तिला महत्त्व. दोन वर्षं ती देशाच्या कपड्यांत खेळली आणि दोन्ही वर्षं दाजी जिन्याखाली. पोरगी कशी खेळते हे त्यांना तिच्या रॅकेटी सांगायच्या. तारा कुठे झिजल्यात, कुठे तुटल्यात, ते बघून ते घरी ताईला सांगायचे, "आज जाळीजवळ चांगली खेळलीय." ताई म्हणायची, "पोरीचं तोंड बघा की एकदा. रॅकेटी काय बघत बसलाय!"

या वेळची स्पर्धा आपल्याच स्टेडियममध्ये होती. दाजींची नजर अधू झालेली. ही स्पर्धा झाली की थांबायचं, हे त्यांनी कळवून टाकलं होतं. मुलींचा संघ चौथ्यांदा उपांत्यपूर्व फेरीत आला. लढतीच्या सकाळी ताईने डबा देताना निक्षून सांगितलं, "आज तिचा सामना डोळ्यांनी बघायचा. नाहीतर घरी येऊ नका."

त्या दिवशी दाजींनी जे केलं ते त्यांच्यासारख्याच माणसाला सुचू शकतं. भिंगरीला सव्वीस पौंडांच्या ताणाची तार लागते. इतकी घट्ट तार हाताला नेम देते, पण तुटते लवकर. आणि तुटली की दाजींना उठून आत जावं लागणार. म्हणून त्यांनी तिच्या तिन्ही रॅकेटी चोवीसवर ओढल्या. दोन पौंडांनी काय आभाळ कोसळतंय, असा त्यांचा हिशेब.

लढत दोन-दोन झाली. आता बाकी कुणाच्या रॅकेटीला काम नव्हतं. दाजींनी खोलीला कडी घातली, हात धुतले आणि तिसऱ्या रांगेत येऊन बसले. मी वरून, दिव्यांच्या पॅनलजवळून बघत होतो. लग्नातही माणूस इतका ताठ बसला नव्हता.

भिंगरीने मागच्या रेषेवर मारलेलं पहिलं फूल, म्हणजे शटल, वीतभर बाहेर पडलं. दुसरंही. पाचव्या वेळी तेच झालं तेव्हा कोचबाईंनी वर माझ्याकडे बघून हात नाचवले. एसीच्या हवेने फूल वाहतंय, असं त्यांचं म्हणणं. मी एसी बंद केला. प्रेक्षक घामाघूम झाले, फूल मात्र बाहेरच पडत राहिलं. सगळं स्टेडियम मला शिव्या घालत होतं. एकटे दाजी नव्हते घालत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ढिली तार फुलाला लांब फेकते. हे त्यांना ठाऊक होतंच, फक्त त्या सकाळी त्यांनी ते मनाच्या कोपऱ्यात ढकललं होतं.

पहिला गेम गेला. दाजी कठड्यापाशी उतरले आणि कोचबाईंना म्हणाले, "तिची एक रॅकेट द्या."

"आत्ता? तार तर शाबूत आहे."

"द्या म्हणतो ना."

आणि ते जिन्याखाली गेले. दुसऱ्या गेममध्ये भिंगरी हात आखडून, हळू मारून खेळली. सरळ जिंकायचं सोडून तिने समोरचीला नुसतं पळवलं, आणि गेम कसाबसा ओढून आणला. तिसरा सुरू व्हायच्या आत दाजींनी घट्ट केलेली रॅकेट आणून दिली. कोचबाई म्हणाल्या, "दुसरी पण करा. ही तुटली तर पोरगी काय हाताने खेळणार?"

झालं. दाजी पुन्हा आत.

शेवट जवळ आला तसा मला राहवलं नाही. पॅनल सोडून मी खाली धावलो. "दाजी, बरोबरीत आहेत! चला, दोन मिनिटं नुसतं दारात उभे राहा."

त्यांनी मान वर केली नाही. "अर्ध्यावर सोडली तर चौकट वाकते. आणि तिची तार आत्ता तुटली, तर?"

मी चिडलो. म्हटलं, "अहो, तीस वर्षं याच खोलीत काढलीत!"

"म्हणूनच सांगतोय," ते म्हणाले आणि तार ओढत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. मलाही वाईट वाटलं, पण माझ्या वाईट वाटण्याचा तिथे काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात छत हादरलं. टाळ्या, किंकाळ्या, पाय आपटण्याचे आवाज. आपल्याच लोकांचा आवाज होता, त्यात शंका नव्हती. दाजींनी शेवटची गाठ मारली, तार कापली आणि कुणाला नको असलेली ती रॅकेट मांडीवर घेऊन बसले.

गर्दीतून सुटून भिंगरी आली तेव्हा तिच्या कपाळावरून घाम ठिबकत होता. दाजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "ढिल्या मीच केल्या होत्या. तुझा सामना बसून बघता यावा म्हणून."

"माहीत आहे. सामन्याआधी कोर्टवर सराव करतानाच कळलं. पहिल्याच शॉटला."

"कळलं होतं?" दाजी स्टुलावरून उठलेच. "मग तेव्हाच आत का नाही पाठवल्यास? वेळ होता की! देशाचा सामना होता, भिंगरे!"

भिंगरीने त्यांच्या मांडीवरून पडू घातलेली रॅकेट धरली.

"पाठवणारच होते," ती म्हणाली. "वर बघितलं, तर तिसऱ्या रांगेत तुम्ही बसला होता."