शिरोरेघेत अडकलेलं पाणी

लेझर मशीन देवासला राहणार की इंदूरला जाणार, हे त्या दिवशी ठरायचं होतं. समिती येऊन आमच्या कॉलेजात त्याचा उपयोग होतो का ते बघणार, आणि होत नसला तर मशीन उचलून नेणार. प्रयोगशाळा माझ्या ताब्यात, म्हणून काळजीही माझीच.

काम दाखवण्याजोगं होतं. लेझरने अ‍ॅक्रिलिक कोरायचं आणि शिवणाच्या दोऱ्याएवढी जाड रेघ फक्त उंच ठेवायची. हा साचा. त्यावर पातळ सिलिकॉन ओतायचं, घट्ट झालं की सोलायचं. उंच रेघेच्या जागी नळी मिळते. खाली काच चिकटवली की काडेपेटीएवढी पट्टी तयार. एका तोंडातून डही गावाकडच्या हातपंपाचं पाणी सोडायचं, दुसऱ्यातून गुलाबी द्राव. दोघं भेटल्यावर रंग पिवळा पडला, तर पाण्यात दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड आहे.

प्राचार्यांना साच्यावर रिकामी जागा दिसली.

"बाई, इतनी जगह पडलीय, नाव टाकून द्या ना."

कॉलेजचं नाही, त्यांचं. बारीक टाकलं तर वाचता येईना. मोठं केलं तर शिरोरेघ नळीला टेकली. पाणी रेघेतून नावात शिरेल, मधे तोडू का, असं मी विचारलं.

"नावाची रेघ तोडायची नाही. अपशकुन असतो."

त्यांची पीएचडी भौतिकशास्त्रातली आहे. मी एक बिननावाची पट्टी करून पर्समध्ये ठेवली.

समितीसमोर प्राचार्यांनी स्वतः पिचकारी दाबली. गुलाबी द्राव शिरोरेघेतून धावला, काने-मात्रा भरत गेला आणि पाण्याला न भेटताच आडनावात जाऊन बसला. मी पर्स उघडली, तोवर अध्यक्ष भिंग घेऊन वाकले होते.

"वा भिया, क्या बात है. माझं पण होईल का असं?"

नक्की होईल, असं प्राचार्य म्हणाले. फ्लोराइडचा विषय मी काढला, तेवढ्यात पोहे आले.

मशीन देवासलाच राहिलं. सध्या त्यावर समितीच्या सदस्यांची नावं चालू आहेत, रेघा न तोडता.

बिननावाच्या पट्टीवर मी डहीकडचं पाणी तपासलं. रंग पिवळा पडला. लगेच जाऊन प्राचार्यांना दाखवलं. त्यांनी पट्टी उजेडात धरली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, यावर नाव का नाही?