मेसेज काय आला होता?

मुरबाडहून भाच्याचा फोन आला, "काका, बाबा गेले," तेव्हा मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. सुटलो, असं वाटलं... आता तो प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. यशवंत माझा साडू. माझी सुमन थोरली, त्याची मालती धाकटी. मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता, 'प्रेमळ आणि मनमिळाऊ'. साफ खोटं. यशवंत तिरसट होता, तोंडाने घाण होता, आणि मला तो कधीच आवडला नाही. मेला म्हणून त्याला गोड करायला मी हे लिहीत नाही. पण त्याच्या नावावर एक खोटं माझं आहे, ते काढून घ्यायचं आहे.

कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यावर हट्टाने कॉम्प्युटर शिकला. कॉम्प्युटरला डोंगल खुपसून नेट लावायचे दिवस होते ते. शहापूर-मुरबाडात कुणाचं नेट बसेना झालं की यशवंतालाच फोन जायचा, आणि फोन करणाऱ्याचा आधी उद्धार व्हायचा. "नेट चालत नाय म्हंजे काय? त्याला काय पाय हायेत? मेसेज काय आला तो वाच. अक्षरन् अक्षर. अर्थ तू सांगू नको, तो मी काढीन." लोक मेसेजची चौकट दिसली की घाबरून ओके दाबायचे आणि ती घालवायचे. मग तो असा काही बोलायचा की बायकांनी फोन कानापासून लांब धरावा. पण नेट बसायचं, हेही खरं.

त्या दिवसांतल्या एका वर्षी सासूबाई आमच्याकडे शहापूरला अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचा एकुलता मुलगा दिलीप मस्कतला, रजा मिळत नव्हती. आईला व्हिडिओ कॉलवर मुलाचं तोंड तरी दिसावं म्हणून यशवंताने स्वतःचा डोंगल आदल्या दिवशी पाठवून दिला. शुक्रवारी दिलीपला सुट्टी, तो तिकडे सायबर कॅफेत बसून होता. इकडे सासूबाईंची खाट कॉम्प्युटरपुढे ओढलेली, खोलीभर नातेवाईक, आणि मुरबाडहून यशवंत स्पीकरवर. मी सुरुवातीलाच डोंगल लावून ठेवला होता. "आधी कशाला खुपसलास? काढ! कॉम्प्युटर मागंल तेवा लावायचा." मग जुन्या कनेक्शनचा प्रोग्रॅम सापडला, तो काढायला लावला. अँटिव्हायरस बंद करायला लावला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला लावला. प्रत्येक पायरीला शिव्या. मी बत्तीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि तो माझ्या घरात, माझ्या माणसांसमोर ओरडला, "गुरुजी, तुमाला मास्तर कुणी केला रे? पोरं पास कशी झाली?" सगळे हसले. सासूबाईसुद्धा हसल्या.

पडद्यावर डोंगलचा प्रोग्रॅम बसत चालल्याची हिरवी पट्टी निम्म्यावर येऊन अडकली होती. "आता बोट लावू नको. मेल्यासारखी दिसली तरी चालू असते ती," तो म्हणाला. मी फोन कापला. आणि रागाच्या भरात पट्टीखालचं कॅन्सल दाबलं. घाईत नाही, चुकून नाही. त्याचं काम त्याच्या तोंडावर बंद पाडावं म्हणून दाबलं. इंग्रजीत एक ओळ आली, मी ती वाचली, ओके दाबलं आणि घालवली. खोलीतल्या कुणाला त्यातलं काही कळलं नाही. नंतर काही केल्या तो प्रोग्रॅम बसेना. अर्धवट काहीतरी आत आधीच आहे, एवढंच सांगत राहिला. दिलीपचा आवाज साध्या फोनवर ऐकू आला. सासूबाई म्हणत राहिल्या, "तोंड दाखव ना रे..."

संध्याकाळी यशवंत मिळेल त्या जीपने शहापूरला आला. चपलाही न काढता कॉम्प्युटरपुढे बसला. "मेसेज काय आला होता?"

"काय नाय आला. आपोआप बंद पडलं. तुझंच काहीतरी चुकलं."

"मेसेज येतोच," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. रात्रभर बसून त्याने अर्धवट राहिलेलं सगळं खणून काढलं. सकाळी नेट लागलं. पण दिलीपची सुट्टी पुढच्या शुक्रवारी होती, आणि सासूबाई त्याच्या आधी गेल्या.

घरात ठरून गेलं की यशवंताने घोळ घातला. त्याला बोलावणं हळूहळू बंद झालं. मी गप्प राहिलो... आणि तो मात्र गप्प बसेना. लग्नात, बारशाला, म्हसा गावच्या जत्रेत घोंगड्यांच्या दुकानापुढे, चार माणसं बघून तो विचारायचा, "काय गुरुजी, मेसेज काय आला होता?" लोकांना वाटायचं, म्हातारा स्वतःची चूक मानत नाही. मालती मान खाली घालायची. शेवटच्या आजारात भेटायला गेलो तर ऑक्सिजनची नळी बाजूला करून त्याने तेच विचारलं. मी म्हणालो, "काय नाय." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दहाव्याच्या दिवशी मालती माझ्याशेजारी येऊन बसली. "कसेबी असले तरी माझा माणूस होता, भाऊजी. पण आईचं तेवढं मी त्यांना माफ नाय केलं. शेवटपर्यंत नाय." तेव्हाही मला सांगता आलं नाही.

परवा आमच्या कॉम्प्युटरवर कसलंसं अपडेट अडलं. चौकट उघडली, बोट ओकेकडे गेलं आणि थांबलं. मी तो मेसेज मोठ्याने वाचायला लागलो, अक्षरन् अक्षर, अर्थ न लावता. सुमन आतून म्हणाली, "कोणाला वाचून दाखवताय?"

"यशवंताला. तू पण ये. तुला एक जुना वाचून दाखवायचाय."

मालती, तुझ्याकडे पेपरातली ही पुरवणी येते, म्हणून इथे लिहितो. त्या दिवशी मेसेज आला होता. इन्स्टॉलेशन वापरणाऱ्याने स्वतः थांबवलं आहे, असा होता. वापरणारा मी होतो. यशवंत सगळ्यांसमोर मला जे बोलला ते मी अजूनही माफ केलेलं नाही. पण त्याचं काही चुकलं नव्हतं.

सुमनने परवा हेच ऐकून घेतलं आणि ती उठून गेली. अजून ती माझ्याशी बोललेली नाही. परवाची चौकट पडद्यावर तशीच आहे. मी ओके दाबलेलं नाही.