जमनाबाईला हवी होती मोठ्यात मोठी एसएसडी

“मोठ्यात मोठी टाक गो शैलाबाय. ती एक टीबी का काय म्हणतात ती. एकदाच काय तो खर्च होऊ दे.”

जमनाबाईने लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. बाजारात पहिलं पापलेट मांडतात ना, तसा. हळूच, पण सगळ्यांना दिसेल असा.

“आई, टीबीने काही होत नाही,” तिची सून प्राची म्हणाली. “भाऊ म्हणाला एनव्हीएमई घे. तीच सगळ्यात फास्ट.”

“तुझा भाऊ बोईसरला बसून सांगतो. त्याने हा डबा कधी उघडून बघितलाय का?”

“तुम्ही बघितलाय?”

जमनाबाई एकदम पिशवीत काहीतरी शोधायला लागली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

मसोलीत आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. कॉलेज वगैरे मी केलेलं नाही. स्क्रू काढत काढत शिकले. सासवा-सुना माझ्याकडे नेहमी येतात, पण दोघी मिळून एक लॅपटॉप घेऊन आल्या त्या याच. सकाळीच झाईहून निघाल्या होत्या. झाई म्हणजे तलासरी तालुक्याचं शेवटचं टोक. समुद्र, होड्या, आणि पलीकडे लगेच गुजरात.

प्राची गणितात बी.एस्सी. आहे. घरबसल्या मुलांना ऑनलाइन शिकवायचं काम तिला मिळत होतं. त्याआधी एक डेमो क्लास घ्यायचा असतो, म्हणजे परीक्षाच. तो घेताना लॅपटॉप अडकला.

“मावशी, मुलं मला दिसत होती. मी मात्र त्यांना तोंड उघडं ठेवून थांबलेली दिसत होते. आता उद्या दुपारी पुन्हा घ्यायचाय. हा शेवटचा चान्स.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर उंबरगावला कारखान्यात पॅकिंग. बाळाला घरी ठेवून.” बाळ अजून अंगावर पीत होतं. त्या दिवशी शेजारणीकडे ठेवून आल्या होत्या.

मी लॅपटॉप चालू केला आणि आत जाऊन चहा ठेवला. चहा उकळला, गाळला, कपात ओतला, तरी स्क्रीनवर गोल फिरतच होतं. शेवटी उघडला तेव्हा टास्क मॅनेजर लावला. कोण किती काम करतंय ते दाखवणारा तो तक्ता. डिस्क शंभर टक्के. म्हणजे बिचारी नुसती धावत होती, पोचत कुठेच नव्हती.

आता बघा, जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरते आणि तिच्यावर नखाएवढं टोक पुढेमागे धावून माहिती शोधतं. एसएसडीत फिरणारं काही नाही. पेनड्राइव्हची मोठी, शहाणी बहीण म्हणा. साध्या घरगुती लॅपटॉपला नवा जीव द्यायचा तर पहिला इलाज तोच.

“मग टाक की मोठी,” जमनाबाई म्हणाली.

“जमनाबाय, होडीतला मासळी भरायचा खण मोठा केला तर होडी जोरात जाते का?”

“खण कशाला? इंजिन लागतं.”

“मग झालं तर. टीबी म्हणजे खण. हिचं सगळं सामान शंभर जीबीतसुद्धा मावतंय. अगदी लहान घेतली तर ती लवकर भरते, आणि गच्च भरलेली एसएसडी मंद होते. म्हणून मधली, पाचशेची घेऊ. वाचेल त्यात रॅम वाढवू. रॅम म्हणजे ओटा, हातातलं काम मांडायची जागा. व्हिडिओ क्लास चालवायचा तर ओट्यावर जागा पाहिजे.”

“आणि एनव्हीएमई?” प्राचीने विचारलं.

“ती च्युइंगमच्या पट्टीसारखी असते. तिला वेगळी खाच लागते. तुझ्या लॅपटॉपात ती खाचच नाही. यात बसेल ती साटावाली, जुन्या डिस्कच्याच मापाची. भावाला सांग, त्याचं ज्ञान बरोबर आहे, लॅपटॉप दुसरा आहे.”

जमनाबाई एवढी हसली की कपातला चहा बशीत आला.

मी मागचं झाकण उघडलं, आणि माझं नाक आधी आत गेलं.

समुद्रकाठच्या लॅपटॉपला खारी हवा लागते, ते मी नेहमी बघते. सगळीकडे सारखा, हळूहळू गंज धरतो. इथे तसं नव्हतं. एकाच बाजूला, जिथे डिस्क जोडतात त्या कनेक्टरवर, हिरवट-पांढरा थर होता. आणि पंख्याच्या जाळीत काहीतरी चमकत होतं. चिमट्याने काढलं. खवल्याचा तुकडा.

“प्राची, हा लॅपटॉप मासळी खातो का गं?”

“मावशी, आमच्या घरात सगळ्यालाच वास येतो. मला वाटलं तोच.”

“हा ताजा वास नाही. ही खारवलेली मासळी आहे. जमनाबाय?”

जमनाबाई बशीतला चहा पीत होती. बशी रिकामी झाली तरी खाली ठेवेना.

“ही बाळंतपणाला माहेरी गेली ना, वाणगावला,” शेवटी ती बोलली. “लॅपटॉप घरीच ठेवून गेली. अख्खा पावसाळा. आमच्या घरात पावसात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. चपलांना येते. देवाच्या फोटोला येते. एकच जागा अशी, जिथे काही बिघडत नाही.”

“कुठली?”

“घोळीचा डबा.”

खारवलेल्या घोळ माशाचे तुकडे पावसाळ्यासाठी भरून ठेवतात तो, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. वर माळ्यावर. घरातल्या पोरांनाही त्याला हात लावायची बंदी.

“नुसता नाही ठेवला,” जमनाबाई घाईने म्हणाली. “माझ्या नव्या लुगड्यात गुंडाळला होता. घडी मोडली नव्हती त्या लुगड्याची.”

आता त्या माउलीला कोण सांगणार? मासळीला जे मीठ वाचवतं, तेच तांब्या-पितळेला खातं. बंद डबा, आत मीठ, आत ओल. आणि मी झाकण न उघडता नवी एसएसडी विकली असती, किंवा घाईत तशीच त्या कनेक्टरवर बसवली असती, तर ती दुसऱ्या दिवशी भर क्लासमध्ये लॅपटॉपला दिसेनाशी झाली असती. दोष एसएसडीला लागला असता.

मला वाटलं, आता प्राची भडकणार. ती खवल्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला वाटायचं तुम्हाला हा लॅपटॉप डोळ्यासमोर नको असतो. मी परत आले तर टेबलावर दिसला नाही. माळ्यावरून काढून दिलात, तेव्हा वाटलं अडगळीत टाकला होता.”

“अडगळीत? घोळीचा डबा अडगळ?” जमनाबाई खरोखर दुखावली. “तुझ्या सासऱ्याला पण मी त्या डब्याला हात लावू देत नाय!”

यावर प्राची हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. जमनाबाईने पदर पुढे केला. “घे. याला पण मासळीचाच वास आहे.”

मग मी कामाला लागले. आयसोप्रोपिल म्हणून एक स्पिरिटसारखं द्रव असतं, पटकन उडून जाणारं. त्यात मऊ ब्रश बुडवून कनेक्टर घासला, जुन्या डिस्कच्या पट्ट्याही घासल्या. थर जाईपर्यंत पुन्हा पुन्हा. पंखा मोकळा केला. मग दोन्ही डिस्क वायरने जोडून क्लोनिंग लावलं, म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर उतरवायचं. मध्ये एकदा ते थांबलं. मी वायर काढून पट्ट्या पुन्हा पुसल्या, पुन्हा लावली. या वेळी शेवटपर्यंत गेलं.

एसएसडी बसवली, रॅम बसवली, बटण दाबलं. मी सवयीने चहा ठेवायला उठले, तर प्राची म्हणाली, “मावशी, बसा. झाला चालू.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमनाबाईचा फोन. आधी पाच मिनिटं घोळीच्या भावाबद्दल बोलली. मी मध्येच म्हटलं, “अगं, क्लासचं काय?”

“झाला की! कुठे अटकला नाय. मी दारात बसले होते, कोणाला आत जाऊ दिलं नाय. कोंबडीला पण नाय. पोरांना भागाकार शिकवला तिने. मला पण कळला.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “घेतलं तिला.”

पुढच्या आठवड्यात त्याच डब्यातली घोळ माझ्या घरी आली. पावसाळ्यात लॅपटॉप कसा ठेवायचा तेही मी जमनाबाईला सांगितलं. डब्यात नको, माळ्यावर नको. रोज वापरा. चालू लॅपटॉप गरम राहतो, ओल धरत नाही. ते तिला फार पटलं. आता पाऊस लागला की प्राचीने सुट्टी घेतली तरी ही ओरडते, “चालू कर तो, बुरशी येईल!”

एसएसडी घ्यायला कोणी आलं की दुकानदार विचारतात, किती जीबीची देऊ? मीही विचारते. पण आधी विचारते, पावसाळ्यात कुठे ठेवला होता?